लॅपटॉपची टकटक

अशी कल्पना करा. रात्रीची वेळ आहे. घरात सारे झोपले आहेत. मोठ्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर तुम्ही शाळेचा प्रकल्प लिहीत बसला आहात. एवढ्यात लॅपटॉपच्या आतून ‘टक... टक... टक’ असा आवाज येऊ लागतो. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबतो. थोड्या वेळाने सर्व काही पूर्ववत सुरू होते. अशा वेळी तुम्ही काय कराल? “जुना झाला आहे, आवाज करणारच,” असे म्हणून पुढे लिहीत राहाल का? तसे मुळीच करू नका. तो आवाज म्हणजे धोक्याची सूचना असू शकते.

हा आवाज कोठून येतो ते पाहू. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये माहिती साठवण्यासाठी हार्ड डिस्क असते. तिच्या बंद डबीत गुळगुळीत चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर दिलेला असतो. या चकत्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. एक बारीक दांडी त्यांच्यावरून मागेपुढे सरकते. दांडीच्या टोकाला ‘हेड’ असते. हेड माहिती लिहिते आणि वाचते. पण चकतीला टेकत नाही. ते हवेच्या थरावर तरंगते. दोघांतील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते! त्यामुळे धुळीचा एखादा कणही हेडच्या वाटेत मोठ्या दगडासारखा ठरतो.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. एवढे मोठे यंत्र, पण त्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटोही तेवढी जागा घेतो. लॅपटॉपची हार्ड डिस्क मात्र तळहातावर मावते आणि तिच्यात असे हजारो फोटो राहतात.

प्रत्येक आवाज वाईट नसतो. हलकी घरघर आणि मधूनमधून होणारी बारीक खुडबुड नेहमीचीच असते. लॅपटॉप तापला की आतला पंखाही जोरात फिरतो. त्याची गरम हवा बाजूच्या फटींतून हाताला लागते. पण तीच ती टकटक पुन्हा पुन्हा ऐकू आली, तर हेडला आपली जागा सापडत नसावी. खरखर ऐकू आली, तर आतला एखादा भाग झिजला असेल किंवा हेड चकतीला घासत असेल. त्यातच फाइल उघडायला फार वेळ लागू लागला, तर संशय अधिक बळावतो.

अशा वेळी पहिले काम कोणते? दुरुस्ती नव्हे, नक्कल! सर्वांत महत्त्वाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बहिणीच्या लग्नाचे फोटो, अब्बांच्या दुकानाचा हिशेब, तुमचा प्रकल्प हे आधी. चित्रपट आणि खेळ नंतर. चालू लॅपटॉप हलवू किंवा आपटू नका. डबी उघडून पाहू नका. काही लोक डिस्क फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. तसे केल्यास आत दव साचून नुकसान वाढू शकते. डिस्क संगणकाला दिसेनाशी झाली, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. लॅपटॉप बंद करा आणि जाणकाराला दाखवा.

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदही ठेवते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामने ही नोंद वाचता येते. मात्र नोंद चांगली दिसली तरी निश्चिंत राहू नका. काही डिस्क सूचना न देताच बंद पडतात.

नक्कल झाली की जुनी डिस्क बदलून घ्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिच्या जागी एसएसडी बसते. तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. म्हणून ती आवाज करत नाही आणि लॅपटॉपही वेगाने चालतो. पण तीही कधीतरी बिघडू शकते, म्हणून नक्कल हवीच. जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्यातील खाजगी माहिती जाणकाराकडून कायमची पुसून घ्या.

मित्रांनो, डिस्क बाजारात पुन्हा मिळते. पण दादींनी सांगितलेली गोष्ट तुम्ही त्यांच्याच आवाजात साठवून ठेवली असेल आणि तिची दुसरी प्रत नसेल, तर तो आवाज कोणत्या दुकानात मिळेल? म्हणून टकटक ऐकू येण्याची वाट पाहू नका. आजच एक नक्कल करा आणि ती लॅपटॉपपासून वेगळी ठेवा.