चरखी दादरी दुर्घटना : रडारवरून नाहीशी झालेली दोन विमाने आणि तर्कवितर्क

नवी दिल्ली : दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरील नियंत्रण कक्षात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास रडारच्या पडद्यावरील दोन ठिपके एकाच वेळी नाहीसे झाले. एक ठिपका आठच मिनिटांपूर्वी दिल्लीहून दाहरानकडे निघालेल्या सौदी अरेबियाच्या बोइंग ७४७ विमानाचा होता. दुसरा ठिपका कझाकस्तानातील शिमकेंट येथून दिल्लीकडे येणाऱ्या इल्युशिन ७६ विमानाचा होता. दोन्ही विमानांशी संपर्क साधण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. याच सुमारास दिल्लीकडे येत असलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने, ढगांत नारिंगी रंगाचा मोठा प्रकाशझोत दिसल्याचे नियंत्रण कक्षाला कळविले.

दिल्लीच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, हरियाणातील चरखी दादरी परिसरातील शेतांमध्ये दोन्ही विमानांचे अवशेष विखुरले होते. सौदी विमानातील ३१२ आणि कझाक विमानातील ३७, अशा ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. सौदी विमानातील प्रवाशांत आखाती देशांत रोजगारासाठी निघालेल्या भारतीय कामगारांची संख्या मोठी होती. हवेत झालेल्या टकरींपैकी आजवरची ही सर्वात भीषण दुर्घटना आहे.

विमाने सापडली, तरी ती एकमेकांवर आदळली कशी, हा प्रश्न अनुत्तरित होता. साहजिकच तर्कांना ऊत आला. नियंत्रकाने दोन्ही विमानांना एकाच उंचीवर आणले असावे, ही शंका सर्वप्रथम व्यक्त झाली. दिल्लीतील जुनी रडार यंत्रणा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी असलेला एकच हवाई मार्ग, दिल्लीभोवतीच्या आकाशाचा हवाई दलासाठी राखून ठेवलेला मोठा भाग, कझाक वैमानिकांचे तोकडे इंग्रजी, ढगांतील वादळी हवा, अशी अनेक कारणे पुढे करण्यात आली. यांतील काही तर्क सर्वस्वी निराधार नव्हते आणि म्हणूनच ते लोकांना पटतही होते.

रडारविषयीची तक्रार समजून घेण्यासारखी आहे. प्राथमिक रडार आकाशात लहरी सोडते आणि विमानावर आपटून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याचे अंतर व दिशा ठरविते. दुय्यम रडार विमानातील ट्रान्सपॉन्डर या उपकरणाकडून उत्तर मागविते, त्यामुळे विमानाची ओळख आणि उंचीही पडद्यावर उमटते. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकांना पडद्यावर उंची दिसत नव्हती. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

मात्र नियंत्रक व्ही. के. दत्ता यांच्यावरील संशय ध्वनिमुद्रित संभाषणापुढे टिकला नाही. त्यांनी सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहण्याची, तर कझाक विमानाला १५ हजार फुटांपर्यंतच उतरण्याची सूचना दिली होती. आपण १५ हजार फुटांवर आल्याचे कझाक विमानाने कळविलेही होते. त्यानंतर समोरून १४ मैलांवर सौदी विमान येत असून ते १४ हजार फुटांवर आहे, हेही दत्ता यांनी त्यांना सांगितले होते. मधले एक हजार फुटांचे अंतर सुरक्षित मानले जाते.

हे अंतर कोठे हरवले, याचा उलगडा दोन्ही विमानांतील नोंदयंत्रांनी केला. कझाक विमानातील यंत्राची तपासणी मॉस्को येथे, तर सौदी विमानातील यंत्राची इंग्लंडमधील फार्नबरो येथे झाली. दिल्ली उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने काढलेल्या निष्कर्षानुसार, कझाक विमान १५ हजार फुटांवर न थांबता खाली येतच राहिले आणि हेच टकरीचे मूळ कारण ठरले. वादळी हवेमुळे विमान खाली खेचले गेले, हा कझाक पक्षाचा युक्तिवाद आयोगाने मान्य केला नाही.

नियंत्रकाशी बोलण्याचे काम कझाक विमानात वैमानिकाकडे नसून रेडिओ ऑपरेटरकडे होते आणि त्याच्यासमोर स्वतंत्र उंचीमापक नव्हता. मीटरमध्ये उंची मोजण्याची सवय असलेल्या या कर्मचाऱ्यांना दिल्लीत फुटांचा हिशेब ठेवावा लागत होता. समोरच्या विमानाची उंची ही आपल्यालाच दिलेली सूचना असल्याचा त्यांचा समज झाला असावा, असाही एक तर्क मांडला गेला. चूक ध्यानात येताच रेडिओ ऑपरेटरने वर जाण्यास सांगितले, परंतु तोवर वेळ निघून गेली होती. विमान तसेच खाली उतरत राहिले असते, तर कदाचित सौदी विमानाच्या खालून निघून गेले असते.

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगकडे जाताना बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० विमानाबाबत नेमके उलट घडले. पाच भारतीयांसह २३९ जणांना घेऊन निघालेल्या या विमानाचा ट्रान्सपॉन्डर बंद पडल्याने नागरी नियंत्रकांच्या पडद्यावरून ते नाहीसे झाले. ते दिशा बदलून माघारी वळल्याचे पुढे लष्करी प्राथमिक रडारच्या नोंदींवरून आढळले. जुलै २०१५ मध्ये रीयुनियन बेटावर पंखाचा एक भाग मिळाला, मात्र नोंदयंत्रे हाती लागली नाहीत. बेपत्ता होण्याचे कारण निश्चित करता येत नाही, असे मलेशियाच्या तपास पथकाने २०१८ च्या अहवालात नमूद केले. अपहरण, आग, वैमानिकाचे कृत्य या तर्कांपैकी एकही त्यामुळे पूर्णतः सिद्ध वा असिद्ध झाला नाही.

चरखी दादरीबाबतच्या ज्या शंकांत तथ्य होते, त्यांची दखल मात्र पुढे घेतली गेली. दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि उंची दाखविणारे दुय्यम रडार कार्यान्वित झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने भारतीय आकाशातील प्रवासी विमानांना टक्कररोधक यंत्रणा बंधनकारक केली. या यंत्रणेद्वारे समोरासमोर येणारी दोन विमाने परस्परांच्या ट्रान्सपॉन्डरवरून उंची जाणून घेतात आणि एका वैमानिकाला वर, तर दुसऱ्याला खाली जाण्याचा इशारा मिळतो. १९९६ च्या त्या सायंकाळी दोन्हीपैकी एकाही विमानात ती नव्हती.