अंगणातला किल्ला किती खरा?

दिवाळीची सुट्टी लागली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या आवारात मातीची पोती येऊन पडतात. पूर्वी चाळीमागची मोकळी जागा उकरली की काम भागत असे. आता बहुतेक ठिकाणी माती विकत आणावी लागते. मग विटा, दगड, जुनी गोणपाटे, त्यावर चिखलाचे लिंपण, उतारावर पेरलेले अळीव आणि शेवटी शिवाजी महाराज व मावळे. ज्यांना तेवढीही जागा मिळत नाही, अशी काही मुले हाच खेळ संगणकावर खेळतात. 'रोलरकोस्टर टायकून' (१९९९) किंवा 'प्लॅनेट कोस्टर' (२०१६) यांसारख्या खेळांत स्वतःचे करमणुकीचे उद्यान उभारता येते. त्यात तटबंदी, दरवाजे, आगगाडी मांडून ऐतिहासिक उद्यानही करता येते.

दोन्हीकडे मुलांचा प्रश्न एकच असतो, "खऱ्यासारखं दिसतंय ना?" आपण त्यांना उलट विचारून पाहू, "कशाच्या बाबतीत खरं?" उंचीच्या, उताराच्या, वेगाच्या की इतिहासाच्या? या एका प्रश्नातून गणित, भौतिकशास्त्र आणि भूगोल यांची कितीतरी दारे उघडतात.

मावळा आणि डोंगर

बाजारात मिळणारा मावळा साधारण ५ सें.मी. उंच असतो. खऱ्या माणसाची उंची १६५ सें.मी. धरली तर प्रमाण झाले १:३३. आता अंगणातला किल्ला १ मीटर उंच असेल, तर त्या मावळ्याच्या दृष्टीने तो ३३ मीटरांचा, म्हणजे सुमारे अकरा मजली इमारतीएवढा झाला. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८२० मीटर आहे. प्रतिकृतीत तिच्यापैकी निम्मीच दाखवायची ठरवली, तरी या मावळ्यासाठी किल्ला साडेबारा मीटर उंच, म्हणजे चार मजली करावा लागेल!

उलट बाजूने पाहू. डोंगर १ मीटरचाच ठेवायचा आणि त्याला ४०० मीटर मानायचे, तर प्रमाण १:४०० होते. मग मावळा केवढा हवा? जेमतेम ४ मिलिमीटर, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढा. एवढा मावळा कोणाला दिसणार? म्हणून आपण नकळत दोन प्रमाणे वापरतो, माणसांसाठी एक आणि डोंगरासाठी दुसरे. यात गैर काही नाही. भूगोलाच्या उठावाच्या नकाशातही आडवे आणि उभे प्रमाण बरेचदा वेगळे असते. मात्र ते तिथे लिहिलेले असते. आपल्या किल्ल्यापुढे ते लिहिलेले नसते, एवढाच फरक.

भिंत का उभी राहते?

मुलांनी चिखलाची १० सें.मी. उंच, बोटभर जाड भिंत उभी केली तर ती छान उभी राहते. तीच भिंत त्याच मातीची, पण सर्व बाजूंनी ३३ पट मोठी केली तर? लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३३ पट झाल्यामुळे वजन ३३ × ३३ × ३३, म्हणजे सुमारे ३६ हजार पट होते. हे वजन पेलणाऱ्या पायाचे क्षेत्रफळ मात्र ३३ × ३३, म्हणजे सुमारे ११०० पटच वाढते. म्हणून पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार ३३ पट होतो, आणि माती काही ३३ पट मजबूत झालेली नसते. केवळ आकार वाढवून वस्तू तितकीच भक्कम राहत नाही, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. खरे तट दगडाचे आणि रुंद का, याचे एक उत्तर इथे आहे. दुसरे उत्तर अर्थात तोफा!

सगळ्याच गोष्टी आकाराबरोबर बदलतात असेही नाही. कोरड्या वाळूचा ढीग करा. त्याचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांवर स्थिरावतो, मग ढीग पेल्याएवढा असो की ट्रकभर. ओल्या मातीचा कडा उभा राहतो, कारण पाण्यामुळे कण एकमेकांना धरून ठेवतात. ती सुकली की कडा ढासळू लागतो. चौथ्या दिवशी बुरूज का पडला, हे मुलांना इथे समजते.

पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर

बहुतेक अंगणी किल्ले शंकूसारखे होतात. सह्याद्री मात्र शंकूसारखा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून तो बनला. कठीण थराची झीज हळू होते, तिथे उभा कडा राहतो. मऊ थर लवकर झिजतो, तिथे उतार किंवा माची तयार होते. कल्याणजवळचा मलंगगड किंवा आसनगावचा माहुली गाडीतून पाहताना या पायऱ्या स्पष्ट दिसतात. म्हणून विटांचे आडवे थर आत-आत सरकवत रचा आणि मग गोणपाट टाका. किल्ला लगेच 'आपल्याकडचा' दिसू लागेल.

पडणारे पाणी, पळणारी गाडी

किल्ल्यावरून सोडलेला धबधबा मात्र काही केल्या खरा वाटत नाही. ३३ मीटरवरून पडणाऱ्या पाण्याला खाली यायला सुमारे २.६ सेकंद लागतात. १ मीटरवरून ०.४५ सेकंद. उंची ३३ पट कमी झाली, पण वेळ तेवढा कमी झाला नाही. तो ३३ च्या वर्गमुळाने, म्हणजे पावणेसहा पटीने कमी झाला. डोळ्याला ही घाई जाणवते. चित्रपटांत लहान प्रतिकृतीवरचे प्रसंग जलद गतीने टिपून सावकाश दाखवतात, ते याचसाठी.

संगणकावरच्या उद्यानात ही अडचण नाही. तिथे गुरुत्वाकर्षणही आज्ञावलीत लिहिलेले असते. पण तिथेही हिशेब तपासता येतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर, वेळ सुमारे तासभर. सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास धरू. आता समजा, आपल्या उद्यानात एक डबा उतारावरून घसरत येतो. घर्षण सोडून दिले तर हा वेग मिळायला अवघी ५ मीटर उंची पुरते. मुले मात्र हौसेने २० मीटरचा उतार देतात आणि डबा ताशी ७० किलोमीटरने पळतो. 'पहिली आगगाडी' अशी पाटी लावलेला हा डबा मूळ गाडीच्या दुप्पट वेगाने धावतो! उंची चौपट केली की वेग दुप्पट होतो, हा नियमही जाता जाता हाती लागतो.

जे माहीत नाही, त्याचे काय?

आता इतिहासाकडे वळू. गावातलाच किल्ला निवडणे सोयीचे. कल्याणचा दुर्गाडी खाडीकाठच्या लहानशा टेकडीवर आहे, त्यामुळे त्याची प्रतिकृती मावळ्यांच्या प्रमाणात बसण्याची शक्यता जास्त. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजे बांधली गेली. म्हणून इथे तटापेक्षा खाडी महत्त्वाची. ती न दाखवता केलेला दुर्गाडी अपुरा.

ठाण्याच्या किल्ल्याची गोष्ट वेगळी. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी आणि १७७४ साली इंग्रजांनी जिंकला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. मुलांना आत जाऊन मोजमाप घेता येत नाही. अशा वेळी मनानेच वाडे, मंदिरे, विहिरी उभारण्याचा मोह होतो. पाहणाऱ्या धाकट्या मुलांना मात्र त्यातले खरे कोणते आणि कल्पित कोणते, हे कळत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिलेले चित्र मनात पक्के बसते, ते पुढे पुस्तकानेही सहज पुसले जात नाही.

यावर आम्हाला एक साधा उपाय सुचतो. ज्याला पुरावा आहे तो भाग गेरूने रंगवावा, अंदाजाचा भाग पांढरा ठेवावा. आणि किल्ल्यापुढे एक पाटी लावावी: माणसांचे प्रमाण किती, डोंगराचे किती, कोणती गोष्ट कुठून कळली. संगणकावरच्या उद्यानालाही अशी पाटी लावता येईल.

सुट्टीनंतर वर्गात प्रत्येक गटाला आपापल्या किल्ल्यातली एक 'खोटी' गोष्ट शोधून ती का करावी लागली, हे सांगायला लावा. पांढऱ्या भागांविषयी मुले आपसात वाद घालू लागली, तर त्यांना थांबवू नका. इतिहासाचा आणि विज्ञानाचाही अभ्यास तिथूनच सुरू होतो.