सीमेवर भिंत बांधल्याने बेकायदेशीर स्थलांतर थांबेल काय?

काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील एका तरुणाने मला गाठले. त्याच्या वडिलांची मासेमारीची बोट आहे. बोटीवरील खलाशांच्या कागदपत्रांची तपासणी नुकतीच झाली होती आणि त्या निमित्ताने घरात वादविवाद झाला होता. त्याने सरळच विचारले, “फादर, बांगलादेशच्या सीमेवर एकदाची भक्कम भिंत उभी केली, तर हा घुसखोरांचा प्रश्न कायमचा मिटणार नाही का?” मी उत्तर देण्यापूर्वीच शेजारी उभे असलेले एक वयोवृद्ध नाखवा म्हणाले, “बाबा, जमिनीवर घालशील भिंत, पण समुद्राला कोण भिंत घालणार?”

तरुणाचा प्रश्न प्रामाणिक होता आणि नाखवांचे उत्तरही थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. आज मुंबईत हा विषय निघाला की आवाज चढतात. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे आवश्यक वाटते.

कुंपण आहे, तरीही

पुष्कळांचा समज असा की आपली पूर्व सीमा सताड उघडी आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भारत-बांगलादेश सीमेची लांबी सुमारे ४,०९६ किलोमीटर आहे. आपल्या देशाचा दक्षिणोत्तर विस्तार सुमारे ३,२०० किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. या सीमेवर काटेरी तारेचे कुंपण घालण्याचा निर्णय १९८०च्या दशकात झाला आणि आजवर सुमारे ३,२०० किलोमीटरवर ते उभे राहिले आहे. रात्री प्रखर दिवे लागतात आणि सीमा सुरक्षा दलाचे जवान अहोरात्र गस्त घालतात.

उरलेल्या सुमारे ८६० किलोमीटरपैकी १७५ किलोमीटरच्या आसपासचा भाग असा आहे की तेथे कुंपण घालणे शक्यच नाही, असे सरकारनेच सांगितले आहे. तेथे नद्या आहेत, दलदल आहे, दर पावसाळ्यात जागा बदलणारी वाळूची बेटे आहेत. आसाममध्ये धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेचे पात्र इतके विस्तीर्ण आहे की तेथे २०१९ साली तारेऐवजी कॅमेरे, रडार आणि संवेदक यंत्रे बसवावी लागली.

आणखी एक अडचण आहे. १९७५ साली उभय देशांनी ठरविलेल्या नियमांनुसार प्रत्यक्ष सीमारेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करावयाचे नाही. त्यामुळे कुंपण बहुतांशी आपल्याच भूमीत मागे सरकून उभे आहे. अनेक भारतीय शेतकऱ्यांची शेते, काहींची तर घरेही, कुंपणापलीकडे राहिली. ओळखपत्र दाखवून, ठराविक वेळेत उघडणाऱ्या फाटकातून त्यांना आपल्याच शेतात जावे लागते. कुंपणाचा जाच असा प्रथम आपल्याच नागरिकाला होतो.

भिंत काय करू शकते?

भिंतीचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गुरांची व मालाची चोरटी वाहतूक कुंपणामुळे अवघड होते. इस्राएलने इजिप्तच्या सीमेवर सुमारे २४० किलोमीटरचे कुंपण २०१३ साली पूर्णत्वास नेले. २०१२ साली तेथून दहा हजारांच्या आसपास आफ्रिकी लोक शिरले होते. पुढील वर्षी हा आकडा काही डझनांवर आला. तथापि तेथे सीमा लहान होती, मुलूख निर्जन वाळवंटाचा होता आणि त्याच सुमारास कठोर कायदेही लागू झाले होते. घनदाट वस्तीच्या, नद्यांनी चिरलेल्या चार हजार किलोमीटरला हे उदाहरण जसेच्या तसे लागू पडत नाही.

अमेरिकेचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. मेक्सिकोला लागून असलेल्या एल पासो व सॅन दिएगो या शहरांजवळ १९९३-९४ पासून कडक बंदोबस्त व कुंपणे आली. २००६ साली आणखी सुमारे सातशे मैल कुंपणाचा कायदा झाला. परंतु १९९० साली त्या देशात सुमारे ३५ लाख लोक कागदपत्रांविना राहत होते, ते २००७ पर्यंत १ कोटी २२ लाखांवर गेले. असे का व्हावे? डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने दीर्घकाळ अभ्यास करून दाखवून दिले, की पूर्वी मेक्सिकन मजूर हंगामापुरते येत आणि परत जात. सीमा ओलांडणे जोखमीचे व खर्चाचे झाले, तेव्हा येणे थांबले नाही. परत जाणे मात्र थांबले. ते तेथेच राहिले आणि मागाहून बायकामुलांनाही त्यांनी बोलावून घेतले. ज्यांनी वाळवंटातील आडवाट धरली, त्यांतील कित्येक तहानेने मेले.

आपल्याकडेही अशी एक घटना घडली आहे. ७ जानेवारी २०११ रोजी पंधरा वर्षांची एक बांगलादेशी मुलगी वडिलांबरोबर शिडीने कुंपण ओलांडीत असता तिचे कपडे तारेत अडकले आणि गोळी लागून ती मरण पावली. तिचा देह कित्येक तास तारेवर लटकत होता. ती भारतात शिरत नव्हती. तिचे लग्न ठरले होते आणि ती आपल्या घरी परत चालली होती.

शिवाय भिंत फक्त चोरवाटेने येणाऱ्याला अडविते. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक रीतसर व्हिसा घेऊन, विमानतळाच्या दारातून आत आले आणि मुदत संपल्यावर थांबले, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. आखाती देशांत आपलेही बांधव असेच अडकलेले आहेत. मुदत उलटूनही राहिलेल्यांसाठी संयुक्त अरब अमिरातीला २०२४ साली पुन्हा एकदा माफीची मुदत जाहीर करावी लागली. तेथे कोणती भिंत उपयोगी पडली असती?

सीमा वर्सोव्यात येते ती अशी

मुंबईत सापडलेला बांगलादेशी नागरिक बहुधा सीमेवर एकट्याने तार कापून आलेला नसतो. अलीकडे पलीकडे दलाल असतात. पैसे मोजले की नदी ओलांडून देणारा भेटतो, रेल्वेचे तिकीट काढून देणारा भेटतो आणि शेवटी दुसऱ्याच्या नावाचे ओळखपत्र मिळवून देणाराही भेटतो. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्यात एका अभिनेत्यावर हल्ला झाला. त्यातील आरोपी मेघालयातील डाउकी येथे नदी ओलांडून आला होता, असे पोलिसांनी सांगितले. नदीला कुंपण नव्हते हे खरे; परंतु पुढे मुंबईपर्यंतच्या वाटेवर त्याला काम मिळाले, निवारा मिळाला, मोबाइलचे सिमकार्डही मिळाले. यांपैकी एकही गोष्ट सीमेवर घडलेली नाही.

म्हणजेच घुसखोरीची सुरुवात सीमेवर होत असली, तरी ती टिकते ती येथे, कामाच्या दारात. कमी मजुरीत, तक्रार न करता, राबणारा मनुष्य कोणाला तरी हवा असतो. बांधकामाच्या ठेकेदाराला, जरीच्या कारखानदाराला, घरकामाला बाई हवी असलेल्या कुटुंबाला आणि कधी कधी बोटीच्या मालकालाही. ज्याच्यापाशी कागद नाहीत त्याला मजुरी बुडविली तरी पोलिसांत जाता येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट मालकाच्या सोयीची असते. ही सोय जोवर आहे, तोवर तारेची उंची वाढवून काय साधणार?

चूक झाली तर कोणाचे नुकसान?

वर्सोव्याच्या बोटींवर आज पालघर-रायगडच्या बरोबरीने उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे खलाशी दिसतात. मुंबईच्या बांधकामांवर मुर्शिदाबाद व मालद्याचे गवंडी आहेत. हे भारताचे नागरिक आहेत. परंतु बंगाली बोलणारा, गरीब आणि त्यातही मुसलमान असेल, तर पाहणाऱ्याच्या मनात प्रथम संशयच उभा राहतो.

हा संशय जुना आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबईतील जरीकाम करणाऱ्या बंगालीभाषक कारागिरांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेण्यात येत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले, आणि दोन राज्यांत मोठा वाद उद्भवला. जून २०२५ मध्ये मीरा रोड परिसरात गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुराला ताब्यात घेऊन सीमेपलीकडे ढकलण्यात आले. तो भारतीय असल्याचे त्याच्या राज्यातील अधिकाऱ्यांनी दाखवून दिल्यावर त्याला परत आणावे लागले. त्याच सुमारास महाराष्ट्रातून असेच पाठविलेले आणखीही काही जण परत आले.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र केवळ जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु मग ज्या गरिबाकडे या तीन कागदांपलीकडे काहीच नाही, त्याने काय दाखवावे? म्हणून सुनावणी न घेता, मूळ गावी चौकशी न करता कोणालाही सीमेपार करणे हा अन्याय होय. तपासास आठ दिवस अधिक लागले तर देश बुडत नाही. आपल्याच नागरिकाला परक्या देशात ढकलले तर मात्र त्याचे सर्वस्व बुडते.

समुद्रातील रेषा

आता त्या वयोवृद्ध नाखवांच्या शब्दांकडे वळू. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा दहशतवादी समुद्रमार्गे आले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले, ते आपण विसरलेलो नाही. त्यानंतर समुद्रात भिंत बांधली गेली नाही, बांधता येणेही शक्य नव्हते. त्याऐवजी बोटींची नोंदणी, मच्छीमारांना ओळखपत्रे, तटरक्षक दल व सागरी पोलिसांची गस्त आणि कोळी बांधवांचे सहकार्य अशी व्यवस्था उभी राहिली. ती निर्दोष नाही, परंतु तिचा पाया ओळख हा आहे. कोण आपला, कोण अनोळखी, हे बंदरातील माणूसच प्रथम सांगू शकतो.

याच समुद्रात आपली माणसेही ‘घुसखोर’ ठरतात. तलासरी-डहाणूकडील आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासळीच्या मागे बोट जाते, आणि सर क्रीकपलीकडच्या पाण्यात पाकिस्तानी गस्ती नौका तिला धरते. तेथील सागरी सीमा दोन्ही देशांनी आजवर एकमताने आखलेलीच नाही. १ जानेवारी २०२५ रोजी दोन्ही देशांनी दिलेल्या याद्यांनुसार पाकिस्तानच्या तुरुंगांत २१७ भारतीय मच्छीमार होते आणि आपल्याकडे ८१ पाकिस्तानी मच्छीमार. कराचीच्या तुरुंगात पडलेल्या आपल्या मुलाला कोणी ‘परदेशी गुन्हेगार’ म्हटले तर आपल्या जिवाला लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठविलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्राचेही तिघे होते. त्यांचे हातपाय बांधलेले पाहून आपल्याला वाईट वाटले. तेच माप दुसऱ्याच्या मुलालाही लावावयास हवे.

मूळ कारण दूर झाले, तर

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्या वेळी सीमेवर कुंपण नव्हते. डिसेंबरात बांगलादेश स्वतंत्र झाला आणि त्यांतील बहुसंख्य लोक काही महिन्यांतच स्वगृही परतले. त्यांना कोणी हाकलले नाही. पळून येण्याचे कारणच उरले नव्हते. २०१५ साली दोन्ही देशांनी एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ भूखंडांची अदलाबदल केली आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना प्रथमच निश्चित नागरिकत्व मिळाले. चार दशके रेंगाळलेला प्रश्न वाटाघाटींनी व कागदावरील सहीने सुटला.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत भाबडी नाही. अमेरिका व मेक्सिको येथील बिशपांनी २००३ साली मिळून जे पत्र काढले, त्यात राष्ट्राला आपल्या सीमांचे नियमन करण्याचा अधिकार मान्य केलेला आहे. त्याबरोबरच माणसाला मायदेशातच पोट भरण्याची संधी मिळावी, ती नसेल तर अन्यत्र जाण्याचा हक्क असावा आणि कागद असोत वा नसोत, त्याची मानवी प्रतिष्ठा राखली जावी, असेही त्यात म्हटले आहे. पोप फ्रान्सिस २०१३ साली रोमबाहेरच्या आपल्या पहिल्या भेटीसाठी लाम्पेदुसा बेटावर गेले, ते समुद्रात बुडालेल्या अनाम स्थलांतरितांसाठी प्रार्थना करण्याकरिता. बाळ येशूला घेऊन मारिया व योसेफ रातोरात इजिप्तला निघाले, तेव्हा तेही परक्या देशाच्या सीमेवर उभे होते.

मग त्या तरुणाला मी काय सांगितले? सीमेवर पहारा असावा, तो दक्ष असावा; कुंपण जेथे उपयोगी आहे तेथे जरूर असावे. परंतु ते कुलूप आहे, इलाज नव्हे. इलाजाचा काही भाग दिल्ली-ढाक्याच्या हाती आहे: कामासाठी येण्याजाण्याचे कायदेशीर परवाने, दलालांवर कारवाई आणि खोटे कागद बनविणाऱ्यांना शिक्षा. पण काही भाग आपल्याही हाती आहे. वडिलांच्या बोटीवर येणाऱ्या प्रत्येक खलाशाचे कागद नीट पाहा, त्याच्या गावी फोन करून खात्री कर, त्याला पूर्ण मजुरी दे आणि दलालामार्फत स्वस्तात माणूस घेऊ नकोस. कोणी बंगाली बोलतो एवढ्यावरून त्याला घुसखोर म्हणू नकोस. कोणी गुन्हा करीत असेल तर पोलिसांना कळव, पण न्यायनिवाडा आपल्या हाती घेऊ नकोस.

तरुण थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, आमच्या बोटीवरच्या दोघांचे कागद मी अजून पाहिलेच नाहीत.” मी त्याला म्हटले, “मग आज संध्याकाळी बोटीवर जा आणि तेथूनच सुरुवात कर.”