पटावर नाव, वर्गात जागा रिकामी



समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य सक्तीचे असते. पुस्तकात शिकलेले गावात कसे दिसते, हे ठरावीक दिवस काम करून पाहावे लागते. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन बरीच वर्षे सेवेत गेल्यावर, चाळिशीत मी हा अभ्यासक्रम घेतला. क्षेत्रकार्यासाठी देवळा तालुक्यातील एक जिल्हा परिषद प्राथमिक शाळा मिळाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून दोन दिवस मी तेथे जात असे. शाळा सरकारी, राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे तेथे धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मी त्यासाठी गेलेही नव्हते. भिल्ल वस्तीवरची मुले पटावर असूनही वर्गात का नसतात, हे समजून घेणे एवढेच माझे काम होते. मला तीन कारणे दिसली.

पहिले कारण भाषेचे. या भागात घरोघरी अहिराणी बोलतात. वस्तीवर तिच्यात भिल्ली मिसळलेली असते. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली अहिराणीचा, म्हणजे खानदेशीचा, विचार भिल्ली भाषांसोबतच केला आहे. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. पहिलीच्या बाई म्हणाल्या, ‘आज आपण कथा ऐकू.’ मुले एकमेकांकडे पाहू लागली, कारण त्यांच्या बोलीत ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’! मूल मंद नसते. त्याला ऐकू आलेला शब्दच वेगळा असतो. आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला: माले – मला, मना – माझा, आंडेर – मुलगी, बठ्ठा – सगळा. शब्द मुलांनीच सांगितले. बाई स्वतः याच भागातल्या. मधल्या सुट्टीत अहिराणी बोलणाऱ्या बाई वर्गातही ती बोलू लागल्या, तशी गप्प बसणारी मुले उत्तरे देऊ लागली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शिक्षण शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून द्यावे असेच म्हटले आहे.

दुसरे कारण धाकट्या भावंडाचे. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण चालते. बायका टोळीने काम एकरी उक्ते घेतात, म्हणून पहाटेच शेतावर जातात. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बसतात. त्याहून लहानांना तेथून घरी न्यायचा आहार मिळतो, पण दिवसभर सांभाळायला कोणी नसते. मग ते बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येते. तिसरीतली एक मुलगी वाचनात वर्गात पुढे होती. डिसेंबरात ती भावाला कडेवर घेऊनच शाळेत आली. बाईंनी बसू दिले, पण बाळ रडू लागले आणि ती उठून गेली. त्या महिन्यात ती पाच दिवस आली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढेच दिसते. बाळ दिसत नाही.

तिसरे कारण स्थलांतराचे. दिवाळीनंतर काही कुटुंबे उसाच्या फडावर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनाही कोयता धरावा लागतो. मुले सोबत जातात आणि कोपीवर राहतात. होळी-पाडव्याच्या सुमारास परततात तेव्हा वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो.

यावर सरकारी सोयी नाहीत असे नाही, पण त्या वस्तीपर्यंत पोहोचत नाहीत. स्थलांतर करताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. मूल कोणत्या वर्गात आहे आणि कोठवर शिकले आहे ते त्यावर नोंदलेले असते, त्यामुळे नव्या शाळेला पुढे शिकवणे सोपे जाते. दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणतीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मूल आजी-आजोबांकडे गावातच राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहातून त्याच्या जेवणाची सोय होऊ शकते. मात्र त्यासाठी मागणी वेळेवर करावी लागते. ती करण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पण सभा दुपारी ठेवली, तर मजुरी बुडवून कोण येणार?

म्हणून मुख्याध्यापकांनी जानेवारीची सभा संध्याकाळी सातला, वस्तीवरच्या पारावर घेतली. प्रथमच अकरा आया आल्या. भाषण कोणी केले नाही. एकीने सरळ विचारले, ‘पोरगी शाळेत पाठवते, पण तान्ह्याला कोण पाहील?’ उत्तरही त्यांच्यातूनच आले. शेतावर जाऊ न शकणाऱ्या दोन आजी एका घरात बाळांना सांभाळतील, आणि प्रत्येक आई थोडे धान्य देईल. आपल्या संस्थेने चटया, पाण्याचा पिंप आणि आजींचे मानधन एवढेच दिले. सात बाळे येऊ लागली. तिसरीतली ती मुलगी फेब्रुवारीत एकही दिवस चुकली नाही. पण आमची सभा होईपर्यंत तिच्या वर्गातली तीन मुले फडावर निघून गेली होती. त्यांच्याकडे हमी कार्ड नव्हते.

वाचकहो, मार्च-एप्रिलात कांदा काढणी येईल आणि बाळांचा प्रश्न पुन्हा उभा राहील. आजींचे मानधन तोपर्यंत चालू ठेवायचे आहे. आणि दिवाळीपूर्वी, मुकादमाची गाडी येण्याआधी, वस्तीवरच्या प्रत्येक घरी जाऊन कोण जाणार आहे याची यादी करायची आहे, म्हणजे कार्डे वेळेवर मिळतील. या कामाला पैशांपेक्षा चालणारी माणसे अधिक लागतात. आपल्या मंडळीतून दोघे-तिघे पुढे आले, तर एका आठवड्यात ही यादी पूर्ण होईल.