ओळख नसलेलं गिऱ्हाईक आणि दुकानातलं यंत्र



आमच्या आरोंद्याच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानात गेलात, तर गल्ल्याशेजारी एक लांबट वही दिसेल. कोपरे दुमडलेली, तेलाचे डाग पडलेली. ही उधारीची वही. "आईनं अर्धा किलो साखर सांगितली आहे, लिहून ठेवा," असं म्हटलं की काम झालं! दुकानदार तुमच्याकडे पैसे मागत नाही. का मागत नाही? कारण तो तुम्हाला ओळखतो, तुमच्या बाबांना ओळखतो, आजोबांनाही ओळखत होता.

पण खाडीच्या पुलावरून, पलीकडच्या किरणपाणीहून, म्हणजे गोव्यातून, एखादी गाडी येऊन थांबते. कोणी मुंबईहून देवी सातेरी भद्रकालीच्या दर्शनाला येतो आणि जाता जाता कोकम, काजूगर घेतो. त्यांची नावं वहीत लिहून कसं चालेल? रोख पैसे असले तर प्रश्नच नाही. नोट कोणाचीही असो, ती नोटच. पण त्या माणसाच्या खिशात नोटा नाहीत, नुसतं एक कार्ड आहे, तर?

अशा वेळी दुकानदार ते बटणांचं यंत्र पुढे करतो. आपण त्याला स्वाइप मशीन म्हणतो. पुष्कळ मुलांना वाटतं, की कार्डात पैसे भरलेले असतात आणि यंत्र ते ओढून घेतं. तसं मुळीच नाही बरं का! कार्डात एक पैसाही नसतो आणि यंत्रातही नसतो. यंत्र फक्त एक चौकशी करतं : "या माणसाला मी ओळखत नाही. त्याची बँक त्याला ओळखते का? आणि तो एवढे पैसे देऊ शकतो का?"

ही चौकशी पूर्वी कशी होत असे, ते ऐका. १९५० साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात 'डायनर्स क्लब' नावाचं कार्ड निघालं. ते चक्क पुठ्ठ्याचं होतं! आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियानं १९८० साली 'सेंट्रल कार्ड' काढलं. त्या काळात मोठ्या दुकानांत एक लोखंडी पट्टा असे. त्यावर कार्ड ठेवायचं, वर कार्बन लावलेला कागद ठेवायचा आणि हातानं दांडा सरकवायचा. खर्रक् खट्! कार्डावरची उठावाची अक्षरं कागदावर उमटत. कार्ड चोरीचं आहे का, हे पाहायला बँका चोरीच्या कार्डांच्या क्रमांकांच्या याद्या छापून पाठवत आणि दुकानदार त्यात बोट फिरवत बसे. तोवर गिऱ्हाईक उभं!

मग कार्डामागे काळी पट्टी आली. तिची गोष्ट मजेची आहे. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीतले अभियंते फॉरेस्ट पॅरी १९६० च्या सुमारास एका ओळखपत्रावर चुंबकीय फीत चिकटवायच्या खटपटीत होते. डिंक लावला की फीत सुरकुतायची. घरी त्यांची पत्नी कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, "इस्त्रीनं चिकटवून पाहू या." आणि चिकटली की! टेपरेकॉर्डरच्या फितीवर गाणं भरतात ना, तसा पट्टीवर कार्डाचा क्रमांक भरलेला असतो.

पट्टीत एक खोट मात्र होती. ती दर वेळी तेच ते सांगते. कोणी एकदा ऐकून नक्कल केली, की नकली कार्डही तेच सांगणार! म्हणून पुढे चिप आली. कार्डावरचा तो सोनेरी चौकोन पाहिला आहे ना? त्याच्याखाली एक चिमुकला संगणक असतो. त्याला सेल नाही. यंत्रात घातलं की यंत्रच त्याला वीज पुरवतं. त्याच्या पोटात एक गुपित असतं. ते फक्त त्याला आणि त्याच्या बँकेला ठाऊक. यंत्र त्याला दर वेळी नवं कोडं घालतं आणि चिप त्या गुपिताच्या मदतीनं नवं उत्तर तयार करते. कालचं उत्तर आज चालत नाही. त्यामुळे कोणी चोरून ऐकलं तरी उपयोग शून्य. आपल्या रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत नुसत्या पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला सांगितलं होतं.

हल्ली काही कार्डं यंत्रात घालावीही लागत नाहीत, नुसती जवळ धरली की झालं. त्या कार्डात कडेकडेनं बारीक तारेचं वेटोळं असतं. यंत्राच्या जवळ, साधारण चार सेंटिमीटरच्या आत, आलं की त्यात वीज निर्माण होते आणि चिप जागी होते. १ जानेवारी २०२१ पासून अशा तऱ्हेनं ५००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय देता येते. म्हणून ते कार्ड हरवलं, तर घरी लगेच सांगायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. क्रमांक बरोबर आहे का, हे साधी बेरीज करून तपासता येतं. ही युक्ती हान्स पीटर लून यांची. तिला १९६० साली पेटंट मिळालं. यंत्रं तपासायला एक खोटा क्रमांक वापरतात : ४१११ ११११ ११११ ११११. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक दुप्पट करा. ८ आणि सात वेळा २, म्हणजे २२. उरलेले आठ अंक तसेच मिळवा. २२ अधिक ८, बरोबर ३०. बेरजेला १० नं निःशेष भाग गेला, तर क्रमांक ठीक. (दुप्पट दोन अंकी आली, तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यायची. म्हणजे ७ चे १४, आणि १४ चे ५.) आता कोणत्याही एका १ ऐवजी ७ लिहा आणि पुन्हा करून बघा. चूक पकडली जाते! घरातल्या कार्डावर करून पाहायचं असेल तर मोठ्यांना विचारून करा, आणि क्रमांक लिहिलेला कागद नंतर फाडून टाका.

यंत्रानं विचारलेला प्रश्न पुढे कुठे जातो? हे नुसतं सांगून समजत नाही, म्हणून मी पाचवीच्या वर्गात एक खेळ घेते. पाच मुलं उभी करते. एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, एक दुकानदाराची बँक, एक मधला निरोप्या, एक गिऱ्हाइकाची बँक. हा मधला निरोप्या म्हणजे रूपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड. कार्डाच्या कोपऱ्यात नाव असतं ते. रूपे ही आपली देशी व्यवस्था, २०१२ साली सुरू झालेली. दुकानदार चिठ्ठी लिहितो : "२५० रुपये?" चिठ्ठी हातोहात शेवटच्या मुलापर्यंत जाते. तो आपल्या वहीत शिल्लक बघतो, वहीतून २५० वजा करतो, चिठ्ठीवर "हो" लिहितो आणि चिठ्ठी त्याच वाटेनं उलटी येते. खऱ्या यंत्रात हे सगळं काही सेकंदांत होतं.

एकदा गंमतच झाली. मधला निरोप्या चिठ्ठी खिशात घालून पाणी प्यायला गेला! शेवटच्या बँकेनं वहीतून पैसे वजा केलेले, आणि दुकानदाराच्या हातात काहीच नाही. गिऱ्हाईक झालेली मुलगी रडकुंडीला आली. "बाई, माझे पैसे खंय गेले?" वर्ग हसला, पण तिनं विचारलेला प्रश्न अगदी खरा होता. रेंज गेली की दुकानात नेमकं हेच होतं. यंत्राच्या पोटात मोबाईलसारखंच सिम कार्ड असतं. पावसाळ्यात रेंज गेली, की दुकानदार ते यंत्र हातात धरून पायरीवर, मग रस्त्यावर जाऊन उभा राहतो. तुम्हीही पाहिलं असेल.

बरं, पिनचं काय? तुम्ही बटणं दाबता तो चार अंकी पिन यंत्राच्या आतच सांकेतिक भाषेत बदलतो. दुकानदाराला तो दिसत नाही. कोणी यंत्र उघडून आत हात घालू पाहिलं, तर यंत्र आपल्या पोटातली गुपितं स्वतःच पुसून टाकतं! एवढा बंदोबस्त. आणि आपल्या आज्या काय करतात? भर दुकानात मोठ्यानं सांगतात, "लिही रे बाळा, दोन-सात-..." यंत्र बनवणाऱ्यांची सारी मेहनत पाण्यात! आजीला बटणं दिसत नसतील, तर यंत्र तिच्या जवळ न्या, बटणांच्या जागा दाखवा. ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागतो. दाबायचं मात्र तिनंच.

इतकं सगळं असूनही छोटे दुकानदार यंत्र घ्यायला का कचरतात? एक कारण म्हणजे आकार. ओळख पटवून देणाऱ्या बँका आणि निरोपे फुकट राबत नाहीत. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून डेबिट कार्डावर शेकडा ०.४० पेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा नियम १ जानेवारी २०१८ ला लागू झाला. म्हणजे २५० रुपयांवर किती? करा गणित. एक रुपया. क्रेडिट कार्डाला जास्त पडतात. शेकडा २ धरले, तर पाच रुपये. डेबिट कार्डावरचा हा आकार गिऱ्हाइकाकडून वेगळा मागता येत नाही. दुकानदाराला त्या मालात दहाच रुपये सुटत असतील, तर पाच रुपये म्हणजे निम्मा नफा! १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचा आकार माफ झाला, ते बरं झालं. पण यंत्राचं महिन्याचं भाडं बहुतेक ठिकाणी असतंच.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. यंत्रानं "हो" म्हटलं तरी पैसे दुकानदाराच्या खात्यात साधारणपणे दुसऱ्या दिवशी येतात. मासे विकणाऱ्या मावशीला पहाटे नवा माल घ्यायला पैसे हातात लागतात. तिनं काय करायचं?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई गाव मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा बंद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के रक्कम त्या नोटांत होती. बाजार ठप्प झाले. तेव्हा धसईतल्या व्यापाऱ्यांना बँक ऑफ बडोदानं स्वाइप मशीनं दिली, आणि १ डिसेंबर २०१६ ला राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते उद्घाटन होऊन धसई महाराष्ट्रातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. वडापावच्या गाडीवरही कार्ड चालतं, अशा बातम्या छापून आल्या.

पुढे काय झालं? नोटा परत आल्या, आणि वार्ताहर पुन्हा धसईला गेले तेव्हा बहुतेक व्यवहार रोखीनंच चालले होते. नेटवर्कची रड होती, पुष्कळ गावकऱ्यांकडे कार्डंच नव्हती. कोणी म्हणालं, योजना फसली. मला तसं वाटत नाही. नोटांची टंचाई होती तोवर ती यंत्रं कामाला आली, हे खोटं नाही. पण जिथे दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, तिथे ओळख पटवणारं यंत्र रोज कशाला लागेल? ते लागतं परक्या माणसासाठी. म्हणून आमच्याकडेही ते आधी रस्त्यावरच्या हॉटेलात दिसतं, आणि आतल्या वाडीतल्या दुकानात उधारीची वहीच असते.

आता त्या वहीशेजारी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोडही चिकटवलेला असतो. तो जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ साली जन्मला, मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी. यूपीआय २०१६ साली आलं. त्यात पैसे बहुधा तिथल्या तिथे खात्यात येतात, म्हणून मासेवाल्या मावशीला ते पटलं. तिचे हात ओले, मोबाईल बघणार कसा? म्हणून टोपलीशेजारी बोलणारी पेटी असते. ती रक्कम मोठ्यानं सांगते. कोणी जुना फोटो दाखवून "दिले की पैसे" म्हणालं, तरी पेटी बोलल्याशिवाय मावशी मासे सोडत नाही!

राहता राहिले ते पाणी प्यायला गेलेल्या चिठ्ठीचे पैसे. कार्डातून पैसे गेले आणि यंत्रानं "हो" सांगितलंच नाही, तर ते पाच दिवसांच्या आत आपोआप खात्यात परत यायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. त्याहून उशीर झाला, तर बँकेनं दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. पुष्कळ मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं. त्यांना सांगा. मात्र त्यासाठी पावती हवी. तिच्यावर तारीख, वेळ, रक्कम, यंत्राचा क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार अंक असतात. व्यवहार फसला तरी पावती मागून घ्या आणि लगेच तिची झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या. कारण त्या पावतीला शाई नसतेच! तो कागद उष्णतेनं काळा होतो. नखानं जोरात घासून पाहा, काळी रेघ उठेल. आणि उन्हात खिडकीशी ठेवलीत, तर काही दिवसांनी अक्षरं फिकी होत कागद कोरा होत जाईल.