छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातले उपचार ३५ दिवसांचे. छत्तिसाव्या दिवशी माणूस पिशवी घेऊन बाहेर पडतो. तो बीड जिल्ह्यातल्या केजचा किंवा वडवणीचा असेल, तर एसटी त्याला संध्याकाळी गावच्या फाट्यावर सोडते. तिथे चहाची टपरी असते, पंक्चरवाला असतो आणि बहुतेक ठिकाणी दारूही मिळते. जुने सोबती हाक मारतात. फाट्यापासून घरापर्यंतची ती वाट सगळ्यात अवघड.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं; मागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीचं बळ होतं. तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः कधीकाळी व्यसनी होते. उपचारांनंतर लागणारी खरी गोष्ट तेच सांगतात: दर आठवड्याला जाऊन बसायची एक जागा. म्हणजे मीटिंग.

या मीटिंगचा जन्मच शोधाशोधीतून झाला. मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात धंद्यात आपटी खाल्लेला बिल विल्सन हॉटेलात एकटा उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली: मला बोलायला दुसरा दारुडा हवा आहे. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर काही तास बसले. त्यांनी १० जून १९३५ला शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा, स्थापना दिन ठरला. भारतात १९५७ साली दिल्लीत आलेल्या एका कॅनेडियन सदस्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि इथलं काम सुरू झालं.

बिल विल्सनने फोन केला तो स्वतः वाचण्यासाठी. एएची सगळी रचना याच खिळ्यावर टांगलेली आहे. मीटिंगमध्ये डॉक्टर नाही, प्रवचन नाही, फी नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. एकेक जण आपलं नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे सांगतो आणि बोलतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. ऐकणाऱ्याला आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. घरच्यांनी शंभरदा सांगून जे पटलं नाही, ते अशा वेळी पटतं.

बीडला वारकऱ्यांच्या माळेची ताकद ठाऊक आहे. नारायणगड, गहिनीनाथगडाच्या या मुलखात माळ घातल्यापासून बाटलीला न शिवलेली कितीतरी माणसं आहेत. पण माळकरी घसरला, की तो गुपचूप माळ उतरवून ठेवतो आणि लोकांची नजर चुकवतो. मीटिंगमध्ये घसरलेल्यासाठी खुर्ची असतेच. ‘स्लिप झालो’ एवढं म्हणून तो पुन्हा पहिला दिवस मोजायला लागतो. हे फार मोलाचं आहे.

‘न सांगता दारू सोडवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी मात्र कुणी लागू नये. दारू सोडवायच्या काही गोळ्या नकळत जेवणात मिसळल्या आणि त्यावर माणूस प्यायला, तर जिवावर बेततं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तरी दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून आधी बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावं, मग मीटिंग.

अडचणी इथून पुढे. मीटिंगचा सगळा भार ‘तोच वार, तीच वेळ, तीच खोली’ यावर असतो आणि बीडचं अर्धं वर्ष ऊसतोडीच्या कोयत्याच्या मागे जातं. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी टोळीने साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पावसाळ्यात जमलेला गट कार्तिकात विस्कटतो. फडावर पहाटेपासून मोळ्या बांधून अंग ठणकतं आणि दारू हेच औषध वाटू लागतं.

दुसरी अडचण नावाची. एएच्या नावाप्रमाणे ‘अनामिक’ राहणं मुंबईत सोपं. गावात समाजमंदिराबाहेर कुणाच्या चपला आहेत, हे पोरंसुद्धा ओळखतात. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी भरणारी मीटिंग बरी. बाजाराला आलेल्याला कुणी काही विचारत नाही.

बायकांचं तर आणखी कठीण. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो प्यायला, तर त्याच्या वाटणीचा ऊसही तिलाच तोडावा लागतो. मुक्तांगणमध्ये अशा बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, एएच्या जोडीने घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. पण तिला मीटिंगला जायला वेळ कोण देणार?

तरीही एएच्या परंपरेत एक वाट आहे. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन दारुडे एकत्र बसले, की तो गट झाला. कारखान्याच्या तळावरची कोपी, म्हणजे तोडणीवाल्यांची झोपडीही, चालते. मोबाइलवरच्या मीटिंगही आता भरतात.

मीटिंग शोधताना आधी फोन करून वार आणि जागा पक्की करावी, कारण गट हलतात. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. आणि जिल्ह्यात जे चार-पाच वर्षं दारूशिवाय जगत आहेत, त्यांनी बाजाराच्या दिवशी तासभर एक खोली उघडून बसावं. पहिले काही आठवडे कुणी येणार नाही, तरी बसावं.