स्वयंचलित गिअरांतील सॉलेनॉइड

जुनी मोटार तिसऱ्याच गिअरांत अडकून बसली, कीं घरांत ती मोडींत काढण्याची भाषा सुरू होते. पण दोष पुष्कळदां सबंध गिअरपेटीचा नसून बोटभर सॉलेनॉइडचा असतो.

सॉलेनॉइड म्हणजे तारेचें वेटोळें. त्यांत वीज खेळली कीं आंतील दांडा सरकून तेलाची वाट बदलते. जनरल मोटर्सच्या १९९३ सालच्या ४एल६०-ई गिअरपेटींत असे दोन सॉलेनॉइड चार गिअर बदलतात : दोहोंत वीज असतां पहिला, केवळ दुसऱ्यांत असतां दुसरा, कोणांतच नसतां तिसरा, केवळ पहिल्यांत असतां चौथा. म्हणूनच वीज तुटली कीं गाडी तिसऱ्यावर राहते.

प्रथम फ्यूज व तारा पाहाव्या. मग वेटोळ्याचा रोध मोजावा. गार असतां तो सुमारें २० ओहम भरतो. वेटोळें तुटलेलें आढळल्यास बॅटरी सोडवून गाडी सपाट जागीं भक्कम घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ. तेल निवल्यावर १६ बोल्ट काढून तळचें तेलपात्र उतरवावें, फिल्टर काढावा, चाप सोडवून सॉलेनॉइड बदलावा. मात्र पात्रांत धातूचे तुकडे सांपडले, तर तेथेंच थांबावें. तो रोग सॉलेनॉइडचा नव्हे.